पोळी नको, भाकरी वाढा
(१९८३च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, मंगळवेढ्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणं झाल्या झाल्या मला पोटाच्या तक्रारीवर बोलायला उभं केलंय, हा संयोजकांनी उगवलेला सूड असावा. दहावीत मी वर्गप्रमुख होते आणि दंगा करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचे. त्यातले दोघं आज संयोजन समितीत आहेत. असो.

खरं कारण वेगळं आहे. महिन्यापूर्वी आपल्या ग्रुपवर जेवणाचा बेत ठरत होता. मी सहज लिहिलं, "मला पोळी चालत नाही, भाकरी असेल तर सांगा." त्या रात्री अकरा जणांनी मला वेगळा मेसेज केला. ग्रुपवर नाही, वेगळा. सगळ्यांचा सूर एकच होता, "तुलाही का? मला वाटलं मी एकटाच." गुडघ्यांबद्दल, साखरेबद्दल, डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल आपण ग्रुपवर मोकळेपणानं लिहितो. संडासबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर बोलून टाकू. बाई, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, जरा सांभाळून घ्या.

मला आयबीएस आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. मराठीत त्याला सुटसुटीत नाव नाही. मी 'हळवं आतडं' म्हणते. आतडं दिसायला धडधाकट असतं. दुर्बिणीतून बघा, सोनोग्राफी करा, रिपोर्ट नॉर्मल. पण त्याचं वागणं बिघडलेलं असतं. पोट दुखतं, ढोलासारखं फुगतं, कधी सकाळपासून चार वेळा जावं लागतं, मग दोन दिवस काहीच नाही. मेंदू आणि आतडं यांच्यात सतत निरोपांची देवाणघेवाण चालू असते, आणि हळव्या आतड्याला साधा निरोपही ओरडल्यासारखा ऐकू येतो. गणिताच्या सरांची पावलं व्हरांड्यात वाजली की पोटात गोळा यायचा, आठवतंय? तो गोळा खरा होता. सर, तुमच्यावर आरोप नाही.

मला हा त्रास २००४च्या सुमारास सुरू झाला. नोकरी लेखापरीक्षेची, म्हणजे सतत दौरे. आज या तालुक्यात, उद्या त्या गावात, एसटीनं. बाईमाणसाला खेड्यातल्या कचेरीत स्वच्छतागृह कुठे आहे हे विचारणंच अवघड, आणि कुलूप असलं तर किल्ली मागणं त्याहून अवघड. मी सकाळी काही न खाता निघायचे. दुपारी गावकरी आग्रहानं जेवायला बसवायचे, तेव्हा निमित्त काढून ताट परत करायचे. २०११ साली बढती आली. त्या पदावर दौरे जास्त होते. मी ती नाकारली. कार्यालयात सगळ्यांना वाटलं, मुलांच्या शिक्षणासाठी थांबली. मी तसंच वाटू दिलं. आपला २५ वर्षांचा मेळावा झाला तेव्हा मी आले नव्हते, त्याचंही कारण पुणे ते मंगळवेढा हा बसचा प्रवास, दुसरं काही नाही.

आता गव्हाकडे येते.

कुठल्याही पोटाच्या रुग्णाला एक ना एक दिवस कोणीतरी सांगतंच, "गहू सोड, ग्लूटेन बंद कर, बघ कसं वाटतं." हल्ली तर लग्नाच्या पंगतीतही ग्लूटेनची चर्चा चालते. मला ज्या डॉक्टरांनी मार्गी लावलं, त्यांनी मात्र उलट सांगितलं : आधी गहू खात राहा, तपासणी करा, मगच सोडा. हे फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

गव्हामुळे होणारा एक खराखुरा आजार आहे, सिलिअॅक. त्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं, जवातलं चिकट प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. हा संबंध ओळखला तो डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञानं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि या आजाराची मुलं चक्क सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. सिलिअॅकसाठी रक्ताची एक तपासणी असते, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून बघतात. पण तुम्ही आधीच चार-सहा महिने गहू सोडला असेल, तर रक्तात काही सापडत नाही आणि निदान हुकतं. माझ्या मावसबहिणीच्या नातीचं वजन वाढत नव्हतं, रक्त कमी होतं, तिला हा आजार निघाला. तिला गव्हाचा कणही चालत नाही. तिच्या घरी ज्वारी गिरणीत दळत नाहीत, कारण आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्यात राहिलेला असतो. पोळपाट वेगळा, तवा वेगळा. आणि हिंगसुद्धा बघून घेतात, कारण डबीतल्या खड्याच्या नावाखाली बरेचदा मैद्यात मिसळलेला हिंग असतो.

माझी तपासणी झाली. सिलिअॅक नाही. तरीही पोळी कमी केली की पोट निवळायचं. मग हे काय?

याचं उत्तर मला आवडलं, कारण त्यात खरा गुन्हेगार दुसराच निघतो. गव्हात ग्लूटेन असतं, तसं फ्रुक्टॅन नावाचं एक कर्बोदकही असतं. माणसाच्या लहान आतड्यात ते पचवणारा पाचकरस नाही. ते तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथल्या जंतूंना मेजवानी मिळते, ते आंबतं, वायू होतो. सगळ्यांच्याच पोटात होतो, पण हळव्या आतड्याला तो ताण सोसत नाही. नॉर्वेत एक प्रयोग झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. सिलिअॅक नसलेल्या, पण आपल्याला ग्लूटेन बाधतं म्हणून गहू सोडलेल्या ५९ जणांना तीन प्रकारच्या वड्या आठवडा-आठवडा खायला दिल्या. एकीत ग्लूटेन, एकीत फ्रुक्टॅन, एकीत दोन्ही नाही. कुठली कोणती, हे खाणाऱ्याला माहीत नाही. सर्वांत जास्त त्रास झाला तो फ्रुक्टॅनच्या वडीनं. ग्लूटेनची वडी आणि काहीच नसलेली वडी यांत म्हणावा असा फरक निघाला नाही.

आता गंमत बघा. फ्रुक्टॅन कांद्यात आहे, लसणात तर भरपूर आहे. म्हणजे गहू सोडून भाकरीबरोबर कांद्याचा झुणका आणि लसणाची चटणी खाल्ली, तर पोट म्हणणार, मी काय तुझ्याशी वेगळं बोलले? आणि चण्याचं पीठ, राजमा, मटकी, छोले यांत फ्रुक्टॅनची चुलत भावंडं बसलेली असतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या मंडळींनी अशा सगळ्या आंबणाऱ्या कर्बोदकांना मिळून फॉडमॅप असं नाव दिलं आणि पदार्थ तपासून त्यांच्या याद्या केल्या. पद्धत अशी की दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करायचे, आराम पडला की एकेक परत आणून बघायचा, आणि आपल्याला काय सोसतं ते ठरवून पुढे तेवढंच टाळायचं. जन्मभर सगळं बंद करायचं नसतं. आणि हे आहारतज्ज्ञाच्या मदतीनं करायचं, कारण एकट्यानं करणारी माणसं शेवटी दहीभातावर येऊन थांबतात, आणि दह्यातली लॅक्टोज ही साखरही त्याच यादीत आहे.

मग रोजच्या ताटात पोळीच्या जागी काय? माझा मुलगा पुण्यातल्या एका मोठ्या दुकानातून 'ग्लूटेन फ्री' बिस्किटांचा पुडा घेऊन आला. किंमत अशी की आपल्या वेळी त्यात शाळेची वर्षाची फी भरली असती. चार बिस्किटं खाल्ली, रात्रभर पोट तंबोऱ्यासारखं वाजलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली. सोयाचं पीठ, आणि 'चिकोरीचा तंतू', इन्युलिन. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टॅनच! गहू काढला आणि गव्हात जे बाधत होतं तेच डब्यातून आणून घातलं. कायद्यानं ग्लूटेन फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन, एवढंच. सिलिअॅकच्या माणसासाठी ते वचन मोलाचं आहे. माझ्या पोटाला त्या शिक्क्यातून काहीच कळत नाही. तेव्हा शिक्का वाचू नका, घटक वाचा.

आणि मग उत्तर निघालं आपल्याच मातीतलं. मंगळवेढ्याच्या लेकीला ज्वारी सांगायला ऑस्ट्रेलिया लागली, याचं मला अजून हसू येतं.

आपल्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी, पावसाळ्याच्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येणारी. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची कोठारं उघडली ही कथा आपण ज्या गावात ऐकली, त्या गावातली पोरं आपण. पण खरं सांगा, डब्यात भाकरी असली की आपण डबा अर्धा झाकून खायचो ना? पोळीचा डबा म्हणजे नोकरदाराघरचा, भाकरीचा डबा म्हणजे शेतातला. पोळी सणाला, भाकरी रोज. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, त्या लाल भाकरीची चव मला अंधुक आठवते, आई ती करताना काही बोलायची नाही एवढंही आठवतं. नंतर परिस्थिती सुधारली आणि आमच्याकडे रोज पोळी आली. प्रगतीची खूणच होती ती. पुण्यात सासरी गेल्यावर तर भाकरी आठवड्यातून एकदा, पिठल्याबरोबर, हौस म्हणून.

ज्वारीत ग्लूटेन नाही, आणि आतड्याला फुगवणारी कर्बोदकंही गव्हाच्या मानानं कमी. ग्लूटेन नाही म्हणूनच ती लाटता येत नाही, थापावी लागते. गव्हाच्या कणकेला ग्लूटेनची ताण असते, ज्वारीला ती गरम पाण्यानं आणावी लागते. पाणी उकळतं हवं, पीठ ताजं हवं. जुन्या पिठाला विरी राहत नाही, कडा चिरतात. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ घेऊन तळहाताच्या टाचेनं मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, मग जाळावर पापुद्रा सुटतो. वयाच्या पंचेचाळिशीत मी हे आईकडून नव्यानं शिकले. पहिले पंधरा दिवस नकाशे थापले. आईचं वय तेव्हा पंच्याहत्तर, ती खाटेवर बसून नुसतं "पाणी, पाणी" म्हणायची.

दौऱ्याचा प्रश्न सुटला तो कडक भाकरीनं. सोलापूरकरांना सांगायला नको. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ भाकरी, पापडासारखी वाळवलेली, पिशवीत घालून नेली की कित्येक दिवस टिकते. मोडायची, त्यावर शेंगाची चटणी, तेल. चटणी मी लसूण न घालता कुटते. लसणाचा वास हवाच असेल तर एक युक्ती आहे : अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या आणि काढून टाकायच्या. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. वास तेलात राहतो, त्रास पाकळीबरोबर जातो. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. निवृत्तीआधीची नऊ वर्षं मी कडक भाकरीची पिशवी घेऊन दौरे केले. ज्या गावांत मी ताट परत करायचे, तिथे म्हणू लागले, "पोळी नको, भाकरी असेल तर वाढा." खेड्यात भाकरी मागणारी सरकारी बाई म्हणजे अप्रूपच. एका गावात तर सरपंचाच्या आईनं स्वतः थापून वाढली.

ज्वारीखेरीज भात आहेच, सर्वांत निरुपद्रवी. पोहे मला चालतात, पण कांदा न घालता, बटाटेपोहे. उपासाची भगर मी आता उपास नसतानाही खाते, तिचा रव्यासारखा उपमा होतो. तांदळाची उकड, घावन. इडलीत उडीद असतो, दोन सोसतात, चौथीला पोट आठवण करून देतं. नाचणीची आंबील रोज सकाळी. बाजरी माझ्या पोटाला जड पडते, माझ्या धाकट्या जावेला आयबीएस असून ती बाजरीवरच खूष आहे. पोट ज्याचं त्याचं. साबुदाण्याची खिचडी चालते, पण ती तुपात न्हालेली असली तर तूपच त्रास देतं. थालीपिठाच्या विकतच्या भाजणीत गहूही असतो, हरभरा-उडीदही असतो, मी घरी ज्वारी, तांदूळ आणि थोडी मूगडाळ भाजून करते. थालीपीठ म्हणावं का त्याला, हा घरातला वाद आहे.

पुरणपोळी मात्र माझी मोठीच अडचण. बाहेर गहू, आत हरभरा डाळ. शत्रू आणि त्याचा मेहुणा एकाच ताटात. होळीला मी चतकोर खाते आणि वर कटाची आमटी घेत नाही. चतकोरानं काही होत नाही, हेही मला ती परत आणून बघण्याच्या दिवसांत कळलं. एखादा पातळ फुलकासुद्धा सोसतो. तीन पोळ्या सोसत नाहीत. सिलिअॅकच्या मुलीला हे स्वातंत्र्य नाही, मला आहे, हा फरक घरच्यांना समजावायला सगळ्यात वेळ लागला. "परवा खाल्लास की फुलका, मग आज काय झालं?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर न देता हसते.

सासूबाई मात्र वेगळ्या निघाल्या. पहिली दोन वर्षं त्यांना वाटायचं, सून नखरे करते. मग एकदा त्या माझ्याबरोबर लग्नाला साताऱ्यापर्यंत आल्या आणि वाटेत गाडी तीनदा थांबवावी लागली. परत आल्यावर काही बोलल्या नाहीत. पुढच्या गौरीला माहेरवाशिणींच्या पंगतीत माझ्या पानात न विचारता तांदळाची खीर आणि भाकरी वाढली होती, सोवळ्यात थापलेली. नणंदेनं विचारलं तर म्हणाल्या, "गौरीला कोरडवाहूचं चालतं."

एक गोष्ट हातचं न राखता सांगते, कारण त्या अकरांपैकी दोघांच्या मेसेजमध्ये मला काळजी वाटावी असं काही होतं. आपण सगळे आता साठीच्या आसपास आहोत. या वयात पोटाची तक्रार नव्यानं सुरू झाली, शौचातून रक्त गेलं, न प्रयत्न करता वजन उतरलं, रक्त कमी झालं, रात्री झोपेतून उठून जावं लागलं, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, तर भाकरी-बिकरी काही करू नका. आधी डॉक्टरांकडे जा. आयबीएस हे नाव बाकीच्या गोष्टी तपासल्यावर मिळायला हवं. त्या दोघांनी मला आज सकाळी चहाच्या वेळी सांगितलं की तारीख घेतली आहे. नावं सांगणार नाही. फळ्यावरही लिहिणार नाही.

संध्याकाळी आपल्या मित्राच्या शेतावर हुरडा आहे. मला मूठभर चालतो, त्याहून पुढे नाही, पण शेकोटीशी बसायला येणार आहे. हुरड्याबरोबर लसणाची चटणी असेलच. शेंगाची, बिनलसणाची, मी दोन डबे भरून घरून आणली आहे. निळ्या झाकणाचे डबे माझे. त्या अकरांनी, आणि ज्यांनी मेसेज केला नाही त्यांनीही, माझ्या बाजूला बसावं. वांगी भाजायची कुणी ठरवली असतील तर कांदा वेगळा ठेवा म्हणावं.